थंड पाण्यातला गाऊन

लॉन्ड्रीत तिला सगळे डागमावशी म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कानावर पडायचं, आणि तेव्हाही ती आधी मागे वळून बघायची, की ही कोण बाई.

हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, जेवणाच्या टेबलावरचे रुमाल असलं सगळं तिथं यायचं. गाठोडी सुटली की बरं ते मशीनमध्ये आणि डागाळलेलं ते मावशीच्या टेबलावर. टेबल मोरीच्या कडेला, दिव्याखाली. त्यावर बाटल्या, मऊ ब्रश आणि झिजून गुळगुळीत झालेला एक लाकडी चमचा. डाग समोर आला की मावशी त्याला लगेच हात लावत नसे. मान तिरपी करून आधी बघायची, मग कापड उलटवून त्याची पाठ बघायची, मग नाकाशी न्यायची, आणि मग निकाल द्यायची.

"चहा नाही हा, काढा आहे. खोकलेकरी माणूस दिसतोय."

"हे काजळ रडून पसरलेलं नाही. झोपेत पुसलंय. बाई मजेत होती."

"मावशी, चादर धुवायला आलीय, जबानी द्यायला नाही," असं भोंगा म्हणायची. भोंगा म्हणजे रोलरवरची बाई. मशीनच्या आवाजावर तिचा आवाज चढायचा, म्हणून हे नाव. म्हणायची खरी, पण ऐकायला सगळ्यांत पुढे तीच.

रक्ताच्या बाबतीत तर मावशीचा शब्द शेवटचा. नाकाचं, जखमेचं, दाढी करताना कापल्याचं, पाळीचं, ती लांबूनच सांगून मोकळी व्हायची. आता तिचा निकाल तपासायला हॉटेलात कोण जाणार होतं? त्यामुळे ती आजवर कधी चुकलीच नव्हती.

घरीही हाच खाक्या. नवरा हयात असताना त्याच्या शर्टाच्या खांद्यावर एकदा तेलाचा डाग निघाला. वासाचं तेल. तो म्हणाला, न्हाव्याने चोपडलं. ती म्हणाली, "न्हाव्याचं डोकं तुमच्या खांद्यावर कशाला येईल?" त्यावर तो हसला, आणि ते हसणंच तिला खटकलं. पुढे त्याने इतकी वर्षं नाकासमोर चालून संसार केला, पण त्याचा एकेक शर्ट धुण्याआधी तिने हुंगला. तो गेला तेव्हा खुंटीवर राहिलेला शर्टसुद्धा तिने आधी नाकाशी नेला, आणि मग रडली.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या पोटात. त्याचं लग्न झालं तेव्हा मावशीनेच सुनेला लॉन्ड्रीत लावलं, आणि बायकांनी तिचं नाव पाडलं सूनबाई. सूनबाई कामाला वाईट नव्हती, पण रोलरचा तिला राग. रोलर म्हणजे आडवं पडलेलं तापलेलं लाटणंच. ओल्या चादरीचे कोपरे ताणून दोघींनी ती आत सारायची, पलीकडे दोघींनी गरमागरम झेलायची. वाफ तोंडावर, जड ओलं कापड हातात, पाय दिवसभर उभे. एकदा तिचं मनगट भाजलं तेव्हा ती घरी येऊन म्हणाली होती, "आई, या रोलरवरून मला कुणी उतरवलं तर मी त्याचे पाय धुईन."

मावशीच्या मनात हे वाक्य चिकटून राहिलं. डाग राहतो तसं.

लॉन्ड्रीत एक चाल होती. मालकाने घातलेली नव्हे, बायकांनीच घातलेली. जिला दिवस गेले तिने खिडकीजवळच्या स्टुलावर बसून रुमालांच्या घड्या घालायच्या, आणि रोलरवरचं तिचं काम बाकीच्यांनी वाटून उचलायचं. बदल्यात काही नाही, उद्या दुसरीवरही वेळ येणारच. फक्त कुणी फायदा घेऊ नये म्हणून जुन्या बाईने तोंडी हमी द्यायची, की होय, हिला दिवस आहेत. जुनी बाई म्हणजे अर्थात मावशी.

सूनबाईला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मावशीने भर लॉन्ड्रीत हमी दिली. छाती फुगवून दिली. घरी खिडकीजवळची आपली खाटही तिला दिली आणि स्वतः स्वयंपाकाच्या ओट्याखाली अंथरूण टाकलं. पण हमी देताना एक गोष्ट तिने गिळली होती. तपासणीची काडी तिने स्वतः पाहिली नव्हती. पाहिली होती मुलाने.

शंकेची पाल चुकचुकली ती एका गाऊनवरून.

सूनबाईचा रात्रीचा गाऊन दोरीवर वाळत होता. बाकीचे कपडे कसेबसे पिळून टाकलेले, मुलाच्या कॉलरीला मळ तसाच. आणि हा गाऊन मात्र पांढराशुभ्र, विशेषतः मागच्या बाजूला. मावशीने जाता जाता त्याला हात लावला. कापड तिथे जरा ताठर लागलं. मिठाचं पाणी. रक्ताला गरम पाणी लावायचं नाही, थंड पाण्यात मीठ घालून भिजवायचं, मग हलक्या हाताने चोळायचं, हे या घरात फक्त दोघींना येत होतं. दुसरीला मावशीनेच शिकवलेलं.

चहा पिताना तिने मुलाला गाठलं.

"काय रे, त्या काडीवर रेघा किती होत्या?"

"दोन."

"दोन्ही ठळक?"

"एक जरा फिकट होती."

"फिकट म्हणजे?"

"फिकट म्हणजे फिकट. आई, काडी होती ती, तुझा टॉवेल नव्हे."

"फिकट म्हणजे निघत आलेला डाग," मावशी म्हणाली, आणि कप विसळायला उठली. मुलगा हसत कामावर गेला. तिला पुन्हा ते हसणं खटकलं. तोच बापाचा चेहरा.

त्या दिवसापासून तिने डोळ्यांत तेल घातलं. सूनबाई मोरीत किती वेळ असते, बादली कुठे सरकवते, नळ आधी सोडते की कडी आधी लावते. बोलणं पूर्वीसारखंच, "जेवलीस का, झोपलीस का," पण प्रत्येक प्रश्नाच्या आड दुसरा प्रश्न. सूनबाईही बदलली होती. नजर चुकवायची. स्टुलावर बसली की मध्येच उठून जायची आणि परत येताना ओठ घट्ट मिटलेले. खाई त्याला खवखवे, मावशी मनाशी म्हणाली.

लॉन्ड्रीतही कुणी आंधळं नव्हतं. भोंगा एक दिवस चादरींचा ढीग टेबलावर आपटून म्हणाली, "मावशी, तुझ्या सुनेचं बरंय बाई. आम्ही इथं भाजतोय आणि ती फुलासारखी खिडकीत."

"दिवस आहेत तिला."

"असतील की. तू हमी दिलीस म्हणजे असणारच. फक्त काल संडासात ती दुकानातलं पॅड घेऊन गेली, ते कशाला ते समजलं नाही मला. असेल बाबा, नवीन पद्धत."

मावशीची कानशिलं तापली. पोरीने फसवलं असेल तर एकटी पोर खोटी पडत नव्हती. इतकी वर्षं टेबलापाशी उभं राहून कमावलेला शब्द रोलरखाली जाणार होता.

रविवारी मुलगा कामावर आणि सूनबाई भाजी आणायला गेली तेव्हा मावशीने मोरीतली उलट्या पातेल्याने झाकलेली बादली ओढून काढली. थंड पाणी, त्यात तोच गाऊन. मीठ घातलेलं होतं, पण डाग अजून सुटला नव्हता. मावशीने तो दिव्याखाली धरला. मान तिरपी केली. कापड उलटवलं. नाकाशी नेलं. आजवर हजारदा केलं तसंच सगळं.

सूनबाई भाजीची पिशवी घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली.

"हे काय आहे?" मावशीने विचारलं.

सूनबाईने पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"मला विचारशील तर मी सांगते. पाळी आहे ही. साधी, दर महिन्याची. एवढी वर्षं हेच बघतेय मी."

सूनबाईचा चेहरा पाहून कुणालाही कळलं असतं, की हा पकडलेल्या चोराचा चेहरा नाही. पण मावशी चेहरा बघतच नव्हती, ती गाऊन बघत होती.

"नक्की, आई?" सूनबाईने हळू विचारलं.

"माझा शब्द कधी चुकलाय? आता तोंड वर करून मला विचारतेस नक्की म्हणून. रोलर टाळायचा होता तर तसं सांगायचं. माझी हमी कशाला विकलीस? उद्यापासून स्टूल सोड. लॉन्ड्रीत मी काय ते बघते. आणि नवऱ्याला तूच सांग."

सूनबाईने मान हलवली. भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली, बादलीतला गाऊन घेतला आणि उभ्याउभ्याच चोळायला लागली. भांडली नाही, रडली नाही. मावशीला वाटलं, बघा, खरी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. गप्प बसणं म्हणजे कबुली.

दुसऱ्या दिवशी सूनबाई रोलरवर उभी राहिली. भोंगाने भुवया उंचावल्या, पण मावशीकडे बघून तोंड बंद ठेवलं, हीही एक नवलाईच. मावशी टेबलापाशी, पाठ रोलरकडे. वळून बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं. तरी समोरच्या बाटलीच्या काचेत रोलरचा तुकडा दिसत होता, त्यात सूनबाईचे दोन हात, ओल्या चादरीचे कोपरे ताणणारे. एक चादर गेली, दुसरी गेली. मग एकदा कोपरा आलाच नाही.

"मावशी," भोंगा म्हणाली. तिचा आवाज एवढा खाली आलेला कुणी ऐकला नव्हता. "हिला बघ गं. चुन्यासारखी झालीय."

सूनबाई जमिनीवर बसली होती. एक हात पोटावर. बूड टेकलं होतं तिथल्या फरशीवर लाल ओघळ.

लॉन्ड्रीची गाडी हॉटेलांना चादरी पोचवायला निघतच होती. ड्रायव्हरने काही न विचारता मागचं दार उघडलं. धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांत सूनबाईला आडवं केलं आणि मावशी तिच्या डोक्याशी बसली. गाडी सुरू झाली तसे गठ्ठे एकमेकांवर रेलायला लागले.

"कुठे दुखतंय?"

"ओटीपोटात. कालपासून थोडं थोडं."

"काल बोलली का नाहीस?"

"बोलून काय करणार होते?" सूनबाई वर गाडीच्या टपाकडे बघत होती. "पहिल्यांदा डाग दिसला तेव्हा घाबरले. परत काडी आणली. दोन रेघा आल्या, या वेळी दोन्ही ठळक. म्हटलं तुम्हाला दाखवावं. तुम्हाला रक्तातलं कळतं. पण बायकांसमोर हमी दिली होतीत तुम्ही, म्हटलं चुकीचं निघालं तर तुमची शोभा होईल. एक-दोन दिवस बघू, थांबेल. मग तुम्हीच तो गाऊन काढलात आणि म्हणालात पाळी आहे."

"मग?"

"मग काय, आई? तुम्ही कधी चुकत नाही. म्हटलं, गेलं असेल. नसेलच मुळात. मग रोलरवर उभं राहिलं काय आणि स्टुलावर बसलं काय."

मावशीने रेललेला गठ्ठा हाताने मागे सारला. नक्की, आई? असं ही पोर विचारत होती तेव्हा ती आपल्याला फसवत नव्हती, भीक मागत होती. आणि आपण ठणकावून सांगितलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई नव्हती त्यांना. पाळी कधी चुकली, दुखणं एका बाजूला आहे की मध्ये, खांदा दुखतोय का, चक्कर येते का, असं एकेक विचारत होत्या. मावशीला खांद्याचं काय ते कळलं नाही, पण सूनबाई नाही म्हणाली तेव्हा त्या बाईंच्या चेहऱ्यावरची एक रेघ सैल झाली, हे तिने टिपलं.

"आणि रक्त पहिल्यांदा दिसलं तेव्हा आला का नाहीत?"

मावशीच पुढे झाली. "मी म्हटलं पाळी आहे. म्हणून."

"कशावरून म्हणालात?"

"डागावरून."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. रागावतील असं मावशीला वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "डागावरून मलाही कळत नाही, मावशी. गरोदरपणातही कधी कधी अगदी पाळीसारखंच रक्त जातं. कधी सगळं ठीक असतं, कधी नसतं, आणि कधी बाईच्या जिवावर बेततं. दिसायला सगळं सारखंच. म्हणून तर हे मशीन."

पडद्याच्या आड सूनबाईला आडवं केलं. मावशीला त्यांनी आत येऊ दिलं. काळ्या पडद्यावर करड्या रंगाचे ढग हलत होते, आणि सवयीने मावशीची मान तिरपी झाली. कड बघितली, रंग बघितला. काही म्हणजे काही कळेना. अशी अडाणी ती आयुष्यात कुठल्या कापडासमोर झाली नव्हती.

"हे बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ढगात एक काळी पोकळी, पोकळीत तांदळाएवढं काहीतरी, आणि त्याच्या मधोमध एक टिंब लुकलुकत होतं. "हे ठोके. आणि ही बाजूला काळी पट्टी दिसतेय ना, तिथे रक्त साठलंय. त्यातून येतंय."

सूनबाईने हाताने तोंड दाबून धरलं.

"म्हणजे आहे?" मावशीने विचारलं.

"आज आहे. ठोके चांगले आहेत. हे साठलेलं जिरेलही, वाढेलही. बऱ्याच जणींचं निभावतं. पण उद्याचं मी आज सांगणार नाही. रक्त वाढलं, दुखायला लागलं, चक्कर आली, तर तसंच उठून यायचं. आणि ठरवल्या दिवशी तर यायचंच."

"रोलरने झालं का हो हे? ओझ्याने?" मावशीने विचारलं. उत्तर काय यावं असं तिला वाटत होतं, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

"रोलरनेच झालं असं मी म्हणणार नाही. उशीर केलात, एवढं म्हणेन."

संध्याकाळी मुलगा धावत घरी आला. त्याला सगळं सूनबाईने सांगितलं, पण गाऊनची गोष्ट गाळून. मावशी ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून ऐकत होती, कधी आपलं नाव निघतं म्हणून. नाही निघालं. याचाही तिला संशय आला, की पोर हे पुढच्या कुठल्या दिवसासाठी राखून ठेवतेय. स्वभावाला औषध नसतं. मग तिने स्वतःच वळून मुलाला सांगितलं, काय म्हणाली होती आणि कशावरून म्हणाली होती. त्याने तिच्याकडे बघितलं. हसला नाही.

लॉन्ड्रीत तिने बायकांना गोळा करून सांगितलं, "माझा निकाल चुकला. स्टूल तिचंच आहे, ती परत येईल तेव्हा."

"मग हमी?" कुणीतरी विचारलं.

"हमी द्यायचं मी सोडलं. जिला दिवस असतील तिने स्वतः सांगायचं, आणि बाकीच्यांनी ऐकायचं. आपण काय कोर्ट आहोत का."

"एवढी वर्षं तूच तर कोर्ट होतीस," भोंगा म्हणाली, आणि सूनबाईच्या वाट्याच्या चादरी उचलून रोलरकडे गेली.

घरात मात्र इतकं सोपं नव्हतं. सूनबाई आई म्हणायची, चहा द्यायची, पण मोरीची कडी आता आतून दोनदा तपासायची. आपले कपडे आपण धुवायची आणि वाळत घालायची ती मुलाच्या शर्टांच्या मागे. मावशी बघायची आणि समजायची. आता हुंगण्याची पाळी सुनेची होती.

एका सकाळी मोरीची कडी वाजली. सूनबाई दारात उभी, हातात गाऊन, घडी करून.

"आई, आज परत आलंय. जास्त आहे." आणि घडी उलगडायला लागली. "बघता का?"

मावशीची मान तिरपी व्हायला निघाली. अर्ध्यावर आली. तिने ती सरळ केली, गाऊन न उलगडताच सुनेच्या हातातून घेतला आणि बादलीत टाकून वर थंड पाण्याचा नळ सोडला.

"नाही बघत. चप्पल घाल. निघू."

त्या दिवशीही टिंब लुकलुकत होतं. त्यानंतरच्या खेपेलाही. काळी पट्टी हळूहळू बारीक होत गेली, रक्त थांबलं, आणि खिडकीजवळच्या स्टुलावर बसलेल्या सूनबाईला रुमालांची घडी मांडीवर घालता येईना इतकं पोट पुढे आलं.

"आता तरी खात्री पटली ना मावशी?" भोंगाने रोलरवरून ओरडून विचारलं.

मावशीने टेबलावरची चादर उलटवली, तिची पाठ बघितली. "पोट आहे खरं," ती म्हणाली. "आत सगळं ठीक आहे का ते डॉक्टरला विचार. मला फक्त धुता येतं."

खिडकीपाशी सूनबाई हसली. मावशीला ते हसणं ऐकू आलं. कशाला हसली असेल, असं तिच्या मनात आलंच. पण विचारलं नाही.